अकाली वार्धक्य : शाप नव्हे, पेशीतील बिघाड

जरा कोणालाही चुकलेली नाही. केस विरळ होणे, त्वचा सुरकुतणे, सांधे आखडणे ही तिची लक्षणे आपण घरोघरी पाहतो. परंतु अशीच लक्षणे एखाद्या कोवळ्या बालकाच्या ठायी दिसू लागली, की कुटुंब भयभीत होते आणि दृष्ट, पूर्वकर्म, मातेचा दोष अशा कल्पनांना थारा मिळतो. वस्तुतः या व्याधीचे कारण विज्ञानाला ज्ञात झाले असून ते सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पेशींची मर्यादा

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. पेशींचे विभाजन होऊन नव्या पेशी तयार होतात व शरीराची झीज भरून निघते. हे विभाजन अखंड चालू शकते, असा एके काळी समज होता. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, प्रयोगशाळेत वाढविलेल्या सामान्य मानवी पेशी सुमारे ४० ते ६० वेळा विभागल्यावर थांबतात.

कासऱ्याचे पीळ उलगडू नयेत म्हणून शेतकरी त्याच्या टोकाला गाठ मारतो. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांनाही असेच एक संरक्षक आवरण असते. त्यास ‘टेलोमिअर’ म्हणतात. बहुतेक पेशींत प्रत्येक विभाजनागणिक ते थोडे आखूड होते व अखेरीस विभाजन थांबते. या संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्ताक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वार्धक्याची इतरही कारणे आहेत. त्यांपैकी हे एक प्रमुख कारण होय.

एका अक्षराची चूक

बालपणीच वार्धक्याची लक्षणे आणणाऱ्या व्याधीस ‘प्रोजेरिया’ म्हणतात. तिचे पहिले वर्णन १८८६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जोनाथन हचिन्सन यांनी केले. ‘पा’ या २००९ मधील हिंदी चित्रपटामुळे तिचे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानी पडले. ही व्याधी अत्यंत दुर्मिळ असून सुमारे चाळीस लाख जन्मांमागे एखाद्याच बालकास ती होते.

तिचे मूळ कारण २००३ मध्ये सापडले. मानवी शरीराची घडण सांगणाऱ्या सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या आनुवंशिक लिपीत एकच अक्षर बदलते. त्यामुळे पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देणारे प्रथिन सदोष बनते. ते केंद्रकाच्या आवरणाला चिकटून राहते, केंद्रक वेडेवाकडे होते आणि पेशी लवकर थकतात. हा बदल बहुधा नव्यानेच घडलेला असतो. तो मातापित्यांच्या वर्तनामुळे घडत नाही. म्हणून मातेला बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

जन्मतः ही बालके इतरांसारखीच दिसतात. वर्ष-दोन वर्षांत त्यांची वाढ खुंटते, केस गळतात व त्वचेखालील चरबी नाहीशी होते. खरा धोका रक्तवाहिन्या कठीण होण्याचा असतो. उपचारांवाचून ही मुले सरासरी चौदा-पंधरा वर्षेच जगतात. मृत्यू बहुधा हृदयविकाराने ओढवतो. २०२० मध्ये अमेरिकेत ‘लोनाफार्निब’ या औषधास मान्यता मिळाली. त्याने व्याधी समूळ बरी होत नसली, तरी आयुष्य लांबते.

आपले कर्तव्य

शरीर थकले तरी या बालकांची बुद्धी व भावना त्यांच्या वयाला साजेशाच असतात. त्यांना विस्मृती जडत नाही. ती शिकतात, हसतात, मैत्री करतात. म्हणून शिक्षकांनी त्यांना वर्गात सन्मानाने स्थान द्यावे, त्यांच्या उंचीला योग्य असे आसन व लेखनास अधिक वेळ द्यावा आणि वर्गमित्रांना या व्याधीची नीट माहिती द्यावी. बालकाची वाढ खुंटून केस गळू लागल्यास पालकांनी गंडेदोरे न करता प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून मोठ्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. गावकऱ्यांनीही अशा बालकास कुतूहलाचा विषय करू नये. त्याचे आयुष्य थोडे असले, तरी ते बालपणच आहे आणि ते त्याला बालक म्हणून जगता आले पाहिजे.