मावळातील सांधेदुखी आणि हळदीचा खरा उपयोग

आषाढ लागला की आमच्या मावळात भातलावणीची एकच धांदल उडते. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत माणसे खाचरात उभी असतात. पाय घोट्यापर्यंत चिखलात, कंबर वाकलेली आणि डोक्यावर अखंड पाऊस. लोणावळ्याच्या अंगास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या पुढेमागे पाऊस पडतो, तेव्हा ह्या कामाचे कष्ट किती असतील ह्याची कल्पना वाचकांस सहज येईल. लावणी संपते, पण गुडघा व कंबर ह्यांची कुरकुर संपत नाही. घरोघरी चाळिशी ओलांडलेला एक तरी माणूस उठताना जमिनीवर हात टेकून उठतो. लावणीचा बहुतेक भार स्त्रियांच्या अंगावर असल्याने ह्या दुखण्याचा मोठा वाटाही त्यांच्याच पदरी येतो.

ही केवळ आमची समजूत नव्हे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे, १९९६ साली पुण्याचे संधिरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी घरोघर फिरून पाहणी केली. ४०९२ प्रौढ माणसांपैकी ७४६ जणांस, म्हणजे शेकडा अठरा लोकांस, सांधे वा स्नायूंचे दुखणे आढळले. भिगवण हा कोरडा मुलूख आहे. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, सांधेदुखीचे खापर केवळ पावसाच्या माथी मारता येत नाही. गारठ्याने दुखणे अधिक जाणवते हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. परंतु सांधा झिजतो तो वय, वजन, ओझे, जुनी दुखापत व आनुवंशिक ठेवण ह्यांमुळे.

दुखणे एक नव्हे, अनेक

उपाय करण्यापूर्वी दुखणे ओळखणे अवश्य आहे. आपण सर्वच दुखण्यांस ‘वात’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्यात निरनिराळे रोग असतात.

पहिला प्रकार झिजेचा. ह्यात गुडघा चालताना व जिना उतरताना दुखतो, विश्रांतीने बरे वाटते, सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. दुसरा प्रकार आमवाताचा. हाताची बोटे व मनगटे दोन्ही बाजूंस सुजतात, सकाळी तास-तास मूठ वळत नाही, थकवा येतो. भिगवणच्या पाहणीत हा रोग सुमारे दोनशेंत एकास आढळला. तिसरा प्रकार वातरक्ताचा. एका रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजतो. मद्यपानाने हा रोग बळावतो. ह्याखेरीज चिकुनगुन्याच्या तापानंतर महिनोन्महिने सांधे धरण्याचा प्रकार आता सर्वांस ठाऊक झाला आहे.

हा भेद सांगण्याचे कारण असे की, आमवाताचा सांधा उपचाराविना राहिला तर पहिल्या एक-दोन वर्षांतच कायमचा बिघडू लागतो. त्या काळात केवळ हळदीचा लेप लावीत बसणे म्हणजे बांध फुटला असता खाचराच्या तोंडाशी मूठभर माती टाकण्यासारखे आहे.

हळदीत काय आहे?

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यास कर्क्यूमिन म्हणतात. १८१५ साली ते प्रथम वेगळे काढण्यात आले. शरीरात सूज उत्पन्न करणाऱ्या क्रियांस ते आवर घालते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांवरून दिसते. हळदीचे औषधी गुण आपल्या पूर्वजांस ठाऊक होते, ही गोष्ट जगासही मान्य करावी लागली आहे. जखमेवरील हळदीच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ साली देण्यात आलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन १९९७ साली रद्द करविले. त्या वेळी परिषदेचे प्रमुख आपले डॉ. रघुनाथ माशेलकर होते.

गुडघेदुखीवरही प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. थायलंडात ३६७ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क घेणाऱ्यांस चार आठवड्यांत आयब्युप्रोफेन ह्या वेदनाशामकाच्या तोडीचा आराम पडला आणि पोटदुखीचा त्रास कमी झाला. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ७० जणांवर बारा आठवडे झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वेदना कमी झाली. परंतु सांध्यातील सूज व कूर्चा ह्यांत फरक दिसला नाही. तात्पर्य, हळद दुखणे हलके करू शकते, पण झिजलेला सांधा पुन्हा भरून आणीत नाही.

घरचा हिशेब

आता हा हिशेब आपल्या घरच्या डब्याशी ताडून पाहू. सुक्या हळदीत कर्क्यूमिनाचे प्रमाण बहुधा शेकडा दोन ते पाच असते. एक चहाचा चमचा हळद म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. त्यातून शेकडा तीनच्या हिशेबाने ९० मिलिग्रॅम द्रव्य मिळते. थायलंडातील प्रयोगाइतके द्रव्य मिळवावयाचे तर रोज तीन-साडेतीन तोळे हळद खावी लागेल, आणि हे कोणाच्याही पोटास मानवणारे नाही. शिवाय हे द्रव्य आतड्यातून अंगी फार थोडे लागते. मिरीतील पिपेरिन सोबत असता ते रक्तात कित्येक पटींनी अधिक उतरते, असे १९९८ साली दाखविण्यात आले. स्निग्ध पदार्थात ते विरघळते. आमटीस तेलाची फोडणी, त्यात हळद व चिमूटभर मिरी, ही आपली पाकक्रिया म्हणूनच उत्तम होय. रोजच्या अन्नातील हळद हा आहाराचा चांगला भाग आहे. तिला औषधाची मात्रा समजू नये.

बाजारातील अर्काच्या गोळ्यांविषयी मात्र सावध राहावे. मिरीसह दिलेल्या तीव्र अर्काने यकृतास इजा झाल्याची उदाहरणे देशोदेशी नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्यांनी व पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून त्या घेऊ नयेत.

आपली हळद आपल्या परसात

विकतच्या भुकटीत रंगासाठी शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळण्याचा दुष्ट प्रकार आढळतो. पेलाभर पाण्यात चमचाभर भुकटी टाकून स्वस्थ ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसून पाणी फिकट पिवळे राहते, भेसळीचे पाणी गडद होते. परंतु खरी खात्री घरच्या हळकुंडाची. सांगलीच्या हळदीस २०१८ साली व वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तितके मोठे पीक मावळात घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. भातखाचरात पाणी साचून कंद कुजतील. मात्र परसात, विहिरीच्या कडेस वा निचऱ्याच्या उताराच्या जागी उंच गादीवाफे करून अक्षय्य तृतीयेच्या सुमारास निरोगी गड्डे लावावेत, चर मोकळे ठेवावेत आणि पाला वाळला की साधारण नऊ महिन्यांनी काढणी करावी. कंद काहिलीत फेस येऊन हळदीचा वास सुटेपर्यंत व काडी सहज आत जाईपर्यंत शिजवून बारा-पंधरा दिवस उन्हात वाळवावेत. ओल्या हळदीची सुकी सुमारे पाचवा हिस्सा उतरते. घरात रोज तोळाभर हळद लागत असेल, तर चांगल्या जोपासनेची साठ-सत्तर रोपे वर्षाची बेगमी करतील.

राहणीतील सुधारणा

हळदीहून अधिक गुण राहणीत आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाप्रमाणे वजन एक किलोने घटले की दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. भात कमी व डाळ-उसळ, पालेभाजी अधिक, चहातील साखर कमी, आणि लोणावळ्याची चिक्की पाहुण्यांसाठी, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

मांडीचे स्नायू हे गुडघ्याचे खरे आधारस्तंभ होत. ओट्यावर बसून एक पाय सरळ करावा, दहा अंक मोजेपर्यंत धरून खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. त्या परीक्षक वृत्तीनेच आसने करावीत. दुखऱ्या गुडघ्यावर वज्रासनाचा हट्ट धरू नये. लावणीत दर तासाभराने पाठ सरळ करून चार पावले चालावे, ओझे दोन खेपांत न्यावे, बसावयास चौरंग व शौचास उंच बैठक ठेवावी.

शेवटी एक कळकळीची सूचना. बाजारच्या दिवशी मिळणारी ‘एका दिवसात आराम’ देणारी निनावी पुडी घेऊ नये. अशा पुड्यांत छुपे स्टेरॉइड सापडले आहे. त्याने आज आराम पडतो व उद्या हाडे ठिसूळ होतात. वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने आपल्या मनाने खाल्ल्यास मूत्रपिंडे बिघडतात. सांधे सहा आठवड्यांहून अधिक सुजलेले असतील तर थांबू नये, आणि सुजेसोबत ताप असेल तर एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठावा. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी पशुवैद्य गाठतो. घरच्या माणसाच्या, विशेषतः जी कधी तक्रार करीत नाही त्या घरधनिणीच्या, गुडघ्याची तितकी तरी काळजी प्रत्येक शेतकरी बंधूने ह्या लावणीच्या आत घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.