चार चिमुकल्या सिलिंडरांची ऑस्टिन सेव्हन

इंग्लंडमधल्या लाँगब्रिजची ऑस्टिन मोटार कंपनी १९२१ मध्ये पार डबघाईला आली होती. छोटी, स्वस्त मोटार काढावी ही हर्बर्ट ऑस्टिन यांची कल्पना संचालकांना पसंत नव्हती. मग ऑस्टिन यांनी कारखान्यातल्या स्टॅन्ली एज या अवघ्या १८ वर्षांच्या आरेखकाला आपल्या घरीच बोलावलं. तिथल्या बिलियर्डच्या खोलीत ‘ऑस्टिन सेव्हन’ कागदावर उतरली.

मोटार न परवडणारी कुटुंबं तेव्हा मोटारसायकलला साइडकार जोडून फिरत. त्यांच्यासाठी हवेवर थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन पुरेल, असं ऑस्टिन यांना वाटत होतं. एजने मात्र चार सिलिंडरांचा आग्रह धरला, आणि माझ्या मते गाडीचं नशीब तिथेच ठरलं. चार सिलिंडर असले की क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. धक्के लहान आणि सारख्या अंतराने बसतात, त्यामुळे हलक्या सांगाड्यालाही ते सोसतात.

इंजिनाच्या घडणीत सरकारी कराचाही हात होता. ब्रिटनमध्ये दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड कर पडे. ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजत नसत. सिलिंडरांची संख्या आणि व्यास सूत्रात घालून काढत. पिस्टनच्या धावेचा त्यात हिशेबच नव्हता! साहजिकच सिलिंडर अरुंद आणि उंच झाले: व्यास ५६ मिलिमीटर, धाव ७६, एकूण ७४७ सीसी. कराच्या हिशेबात अश्वशक्ती भरली ७.८.

काटकसर जागोजागी होती. क्रँकशाफ्टला मधला आधारच नाही, फक्त दोन टोकांना बेअरिंग. सांगाडा इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा, पुढे निमुळता. त्या टोकाला एकच आडवा कमानपाटा दोन्ही चाकांचा भार पेलायचा. वजन जेमतेम ३६० किलो. ब्रेक मात्र चारही चाकांना दिले होते, तेही अनेक मोठ्या गाड्यांना फक्त मागेच ब्रेक असण्याच्या काळात. सुरुवातीला मागचे पायाने आणि पुढचे हाताने लावावे लागत. १९३० मध्ये ते एकत्र जोडले गेले.

मोठी गाडी कापून-छाटून स्वस्त करण्यापेक्षा छोटी गाडीच नीट विचार करून घडवावी, हे एजने ओळखलं होतं. जर्मनीत आयझेनाखच्या कारखान्यात हीच गाडी परवान्याने ‘डिक्सी’ नावाने बनू लागली. तो कारखाना १९२८ मध्ये बीएमडब्ल्यूने विकत घेतला, आणि बीएमडब्ल्यूची पहिली मोटार ठरली ती हीच.