चाकेरीच्या माळावरचे लिबरेटर

उसनी आणलेली वस्तू काम होताच परत करावी, आणि परत करणे जमत नसेल तर ती कोणाच्याही उपयोगी पडणार नाही अशी पुरती मोडून टाकावी, असला व्यवहार आपल्या शेजारधर्मात सहसा कोणी ऐकलेला नसेल. परंतु अमेरिकेच्या १९४१ च्या ‘लेंड-लीज’ कायद्याखाली ब्रिटनला मिळालेल्या पुष्कळशा युद्धसामग्रीचा हिशेब महायुद्ध संपताच नेमका याच रीतीने चुकता झाला. रॉयल एअर फोर्सच्या पथकांनी बंगालमधील दिग्री, सालबनी अशा तळांवरून उड्डाण करून ब्रह्मदेश व सयाम येथील रेल्वेमार्गांवर ज्या लिबरेटर विमानांतून बाँबवर्षाव केला, त्यांपैकी कित्येक कानपूरनजीक चाकेरीच्या विमानतळावर आणून ओळीने उभी करण्यात आली आणि ती निकामी करण्याचा हुकूम सुटला. या हुकमाची तामिली मोठ्या इमानाने झाली, असे सांगतात : धडाच्या पत्र्यांना कुदळींनी भोके पाडली, चालकाच्या पुढ्यातील उपकरणांच्या काचा फोडल्या, काही विमानांना अवजड वाहनांच्या धडका दिल्या आणि इंजिनांत वाळू ओतली.

या शेवटच्या कृत्यातील दुष्टावा कळण्यासाठी यंत्रविद्येची थोडी ओळख हवी. लिबरेटरच्या पंखांवर प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची चार इंजिने असत. प्रत्येकात चौदा सिलिंडर, सात-सातांच्या दोन कड्यांत बसवलेले, आणि प्रत्येकाची ताकद १२०० अश्वशक्ती. असल्या इंजिनातील धातूचे भाग एकमेकांवर प्रत्यक्ष घासत नाहीत. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळसा पदर असतो, आणि तो पदर आहे तोवरच इंजिनाचे आयुष्य. त्या तेलात मूठभर वाळू गेली की बेअरिंगांवर ओरखडे उठतात, ओरखड्यांतून धातूचा कीस निघतो, तो कीस तेलाबरोबर सर्वांगात हिंडतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणारे यंत्र काही वेळातच आतल्या आत स्वतःला खाऊन टाकते. फुटलेली काच डोळ्यांना दिसते. वाळू शोधावी लागते.

मूळ विमान दिसावयास फारसे देखणे नव्हते. डिसेंबर १९३९ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे ‘कन्सॉलिडेटेड’ कंपनीने ते प्रथम उडवले आणि पुढील पाचसहा वर्षांत त्याचे अठरा हजारांहून अधिक नमुने बांधले गेले. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून तर ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडत असे. पेटीसारखे फुगीर धड, मागे दोन उभ्या शेपट्या, आणि या बोजड शरीराला न शोभणारे लांब, निमुळते पंख, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट. त्या पंखांमुळेच ते इतके दूरवर जाऊ शकत असे. मला मात्र त्याच्या बाँबकक्षाच्या दारांचे कौतुक अधिक वाटते. इतर बाँबफेकी विमानांची दारे कपाटासारखी बाहेर उघडत. लिबरेटरची दारे पेठेतील दुकानाच्या शटरप्रमाणे वळत वळत धडाच्या कुशीवर चढत, त्यामुळे हवेचा अडथळा कमी होई. आत दोन्ही बाजूंना बाँबची फडताळे आणि मधून जेमतेम पाऊल मावेल एवढी अरुंद पट्टी. पुढच्या माणसास मागे जावयाचे झाल्यास त्याने तिच्यावरूनच तोल सांभाळीत जावे.

१९४७ साली देशाबरोबर हवाई दलाचीही वाटणी झाली. आपल्या वाट्याला लढाऊ व वाहतुकीची विमाने आली, पण जड बाँबफेकी विमान एकही आले नाही. काश्मीरची लढाई चालू, परदेशी चलनाची ददात, आणि नवे मागवावे तर देणारे कोण व केव्हा, हा प्रश्न. अशा वेळी चाकेरीच्या माळावर ऊन-पाऊस खात पडलेल्या त्या सांगाड्यांकडे कोणाची तरी नजर वळली, आणि ते पुन्हा उडते करण्याचे काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याकडे सोपवण्यात आले.

येथे आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची आठवण होणे अपरिहार्य आहे. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही वस्तू हिंदुस्थानात बनल्या पाहिजेत, या एकाच हट्टाने झपाटलेल्या या गृहस्थाने म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये हा कारखाना उभा केला. लवकरच तो सरकारने ताब्यात घेतला आणि १९४३ मध्ये त्याचा कारभार अमेरिकन वायुसेनेकडे गेला. हिंदुस्थान-ब्रह्मदेशच्या आघाडीवरील अमेरिकन विमाने तपासणीसाठी व दुरुस्तीसाठी तेथे येऊ लागली. मालकीच्या दृष्टीने ही वालचंदांची हानीच होती. परंतु या दोनतीन वर्षांत तेथील फिटर आणि मिस्त्री मंडळींची बोटे अमेरिकन विमानांना जी सरावली, त्याची किंमत १९४८ मध्ये कळली. चाकेरीस गेलेल्या तुकडीचे ‘धाडस’ म्हणून जे वर्णन केले जाते, त्याच्या बुडाशी ही पूर्वतयारी होती, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

कामाची आखणी साधी होती : चाकेरीस विमान फक्त एकदा उडेल इतपत सावरावयाचे, आणि बाकीची दुरुस्ती बंगळूरला. एकाची शेपटी, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची चाके असे करीत एकेक विमान जुळून येऊ लागले. पत्र्याला पडलेले भोक बुजवणे हे ऐकण्यास क्षुल्लक वाटते, पण असल्या विमानाचा पत्रा नुसता आच्छादनाचा नसतो, सांगाड्याबरोबर तोही भार वाहतो. म्हणून फाटलेल्या कडा प्रथम कापून गोल व गुळगुळीत कराव्या लागतात, कारण कोपरा राहिला की तेथूनच पुढे चीर जाते. मग मापाचे ठिगळ बसवून भोवताली रिवेटांची रांग. एक माणूस बाहेरून हातोडा चालवतो आणि दुसरा आत, पंखाच्या काळोख्या पोकळीत आडवा पडून, लोखंडी ठोकळा रिवेटच्या टोकाला दाबून धरतो. उत्तर प्रदेशातील उन्हाळ्यात त्या पोकळीत पडून राहणे काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ही ठिगळांची विमाने कानपुराहून बंगळूरला, सुमारे १५०० किलोमीटर, नेण्याची कामगिरी कारखान्याचे परीक्षण-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अंगावर घेतली. लिबरेटर चालवण्याचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. विमानाची माहितीपुस्तिका वाचून त्यांनी ते आत्मसात केले, असे सांगतात. सुमारे चाळीस विमाने या मार्गाने बंगळूरला पोहोचली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाचे पाचवे पथक या विमानांनिशी उभे राहिले, आणि १९५१ मध्ये पुण्यास सहाव्या पथकाची नव्याने उभारणी होऊन त्याच्याकडे समुद्रावरील टेहळणीचे काम आले. पाचव्या पथकाला पुढे कॅनबेरा जेट विमाने मिळाली, पण टेहळणीसाठी लिबरेटर १९६८ पर्यंत टिकून राहिले. पुण्याच्या लोहगावावरून घुमत जाणारी ही चार इंजिनांची विमाने जुन्या पुणेकरांपैकी कित्येकांच्या डोक्यावरून गेली असतील.

अलीकडे पाश्चात्त्य देशांत अशा विमानांचा जीर्णोद्धार मोठ्या भक्तिभावाने चालतो. इंग्लंडमधील यॉर्कशायर येथे उभ्या असलेल्या हॅलिफॅक्स विमानाच्या धडाचा एक भाग स्कॉटलंडच्या बेटावर कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरात होता; कॅनडातील दुसरे हॅलिफॅक्स नॉर्वेच्या सरोवराच्या तळातून १९९५ मध्ये वर काढलेले. या उद्योगाबद्दल मला आदरच आहे. पण चाकेरीच्या कारागिरांनी जीर्णोद्धार केला नव्हता. त्यांनी गोधडी शिवली होती, कारण थंडी तोंडावर होती आणि नवी रजई घेण्याची ऐपत नव्हती. अमेरिकेने मात्र आपल्याजवळची हजारो लिबरेटर ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन वितळवून टाकली, आणि पुढे तिला व इतरांनाही संग्रहालयासाठी लिबरेटर हवेसे झाले तेव्हा ते मागण्याचे ठिकाण भारतच उरले. १९६९ मध्ये एक उडत ॲरिझोनालाच गेले, त्याच वाळवंटी प्रांतात. १९७४ मध्ये एक ब्रिटनला, ज्याने हुकूम पाळून ती मोडली होती. आणखी एक खासगी संग्राहकांच्या हातून अमेरिकेस पोहोचून १९८९ मध्ये पुन्हा आकाशात गेले.

कॅनडाने आपले लिबरेटर फुकट नेले नाही. त्याच्या मोबदल्यात एक लायसँडर विमान दिले. ते लायसँडर आणि चाकेरीच्या माळावरून उठलेले एक लिबरेटर, दोन्ही आज दिल्लीत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात आहेत.