कुळाची ढाल, कुळाचा वायटर

ग्लोरँथा नावाच्या काल्पनिक जगात फौज जमवायची तर आधी औत सोडावं लागतं. ड्रॅगन पासच्या डोंगराळ मुलखातल्या ओरलांथी लोकांच्या एका कुळात शेकड्यांनी माणसं असतात, पण कुळनायकाच्या पदरी असलेले पेशेवर लढवय्ये, म्हणजे वेपनथेन, मोजकेच. बाकीचा भार ‘फिर्ड’वर. हे शेतकरी नि गुराखीच. भाला-ढाल घरची, आणि शेजारी उभा असतो तो चुलतभाऊ.

ग्रेग स्टॅफर्डने 1966 साली कॉलेजात असताना हे जग लिहायला घेतलं. 1978 मध्ये ‘रूनक्वेस्ट’ हा रोलप्लेइंग गेम त्याच जगात उभा राहिला. कुळाचा संसार आतून दाखवला तो मात्र 1999 च्या ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ या कॉम्प्युटर गेमने. तिथे तुम्ही एकटा वीर नसता, अख्खं कुळ तुमच्या हाती असतं. श्रीमंती गाईंवर मोजायची आणि सल्ला द्यायला सात जणांचं मंडळ. सुगीच्या दिवसांत शेजाऱ्यांची गुरं पळवायला निघालात, तर शेतावर माणसं कोण?

या कुळाची रक्षक-शक्ती म्हणजे वायटर. एखाद्या निशाणात, शस्त्रात, कधी जनावरातही तो वस्तीला असतो. मराठी वाचकाला लगेच कुलदैवत आठवेल, पण कुलदैवत भक्तांवाचूनही असतं. वायटर कुळाच्या एकीतूनच उभा असतो, म्हणून कुळ मोडलं की त्यालाही थारा नाही. पलटणीला, देवळाला, शहरालाही स्वतःचा वायटर असतो.

रूनक्वेस्टच्या 2018 च्या आवृत्तीत ही एकी चक्क आकड्यात मांडली आहे. समजा, रात्रीच्या धाडीत फिर्डची फळी मोडायला आली. निशाणाजवळ उभा असलेला वायटरचा पुजारी, बहुधा खुद्द कुळनायक, त्याला मदतीला बोलावतो. फळी सावरते, पण अशा मोठ्या जादूपायी वायटरची स्वतःची शक्ती खर्ची पडते. ती भरून काढायची तर कुळातल्या कुणीतरी आपल्या अंगच्या शक्तीतला गुण कायमचा अर्पण करायचा. इथे टेबलाभोवती शांतता पसरते, कारण तो गुण प्रत्येकाने फासे टाकून, जीव धोक्यात घालून कमावलेला असतो. देणारा कुणी पुढे आला नाही आणि आकडा शून्यावर गेला, तर वायटर संपतो आणि कुळाचा सांधाच निखळतो.

हिशेब किचकट आहे, नाकारत नाही. मलाही तो कधी कधी जाच वाटतो. तरी लढाईची किंमत गावाला मोजायला लावणारा इतका सरळ नियम मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये सापडलेला नाही. खेळायला बसलात, तर तलवार निवडण्याआधी आपल्या कुळाचा वायटर कशात राहतो ते ठरवा.