गोळी सुरू करण्याआधी डोकेदुखीची चौकशी

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी संस्था आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. किनवट, मुखेड, देगलूर, उदगीर अशा गावांकडच्या मुली इथे शिकायला येतात. अर्धशिशी जोर धरते ती नेमकी याच वयात, आणि पीसीओडी किंवा अनियमित पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या पहिल्यांदा हातात पडतात त्याही याच वयात. ही गोळी मुळात गर्भनिरोधक आहे, हे अविवाहित मुलीला कित्येकदा कुणी सांगत नाही. डोकं दुखतं का, असं तिला विचारायचंही राहून जातं.

तो प्रश्न विचारायलाच हवा, आणि नीट खोदून विचारायला हवा.

अर्धशिशीचा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिप्पट. त्यातल्या साधारण पाव ते एक तृतीयांश जणींना डोकं उठण्याआधी काही खुणा जाणवतात. वाचता वाचता ओळीतला मधलाच शब्द दिसेनासा होतो. त्या जागेभोवती चमचमती, नागमोडी रेघ उमटते आणि हळूहळू पसरत जाते; डोळे मिटले तरी ती हटत नाही. कुणाच्या बोटांना मुंग्या येतात आणि हातावरून चढत ओठांपर्यंत पोचतात. कुणाला साधा शब्द आठवत नाही. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत हे चालतं, मग डोकं ठणकू लागतं. डॉक्टर याला ‘ऑरा’ म्हणतात. घरी मात्र ‘पित्त चढलं’ म्हणून विषय संपतो आणि केसपेपरवर फक्त ‘डोकेदुखी’ एवढंच लिहिलं जातं.

सगळा फरक या ऑरानेच पडतो. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते, आणि ऑरा असलेल्या अर्धशिशीत मेंदूचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. युरोपातल्या तज्ज्ञांनी मांडलेला अंदाज असा : 20 ते 44 वयाच्या ज्या स्त्रियांना अर्धशिशीही नाही आणि हार्मोनची गोळीही नाही, त्यांच्यात वर्षाला लाखामागे दोन-तीन जणींना असा झटका येतो. नुसता ऑरा असेल तर सुमारे सहा जणींना, आणि ऑरा व गोळी दोन्ही असतील तर सुमारे 37 जणींना. आकडा लहान आहे, घाबरून जाण्यासारखा नाही. पण दुसरे चांगले उपाय हाताशी असताना हा धोका पत्करायचा कशाला?

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असलेल्या स्त्रीला, वय काहीही असो, इस्ट्रोजेनची गोळी देऊ नये असं स्पष्ट आहे. सरकारी माला-एन, दुकानात मिळणारी माला-डी आणि पीसीओडीसाठी लिहून दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या यात येतात. ऑरा नसेल आणि वय पस्तिशीच्या आत असेल, तर रक्तदाब तपासून, विचार करून गोळी देता येते. तरी पाकिटातल्या शेवटच्या सात, लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात इस्ट्रोजेन एकदम उतरतं आणि काहींचं डोकं तेव्हाच उठतं.

महालक्ष्म्यांच्या सणात किंवा घरच्या लग्नात पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी. तिच्यात इस्ट्रोजेन नसतं, पण त्या मोठ्या मात्रेत तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ऑरा असणारीने ती औषध दुकानातून परस्पर आणू नये.

मग घ्यायचं काय? तांबी सगळ्यात निर्धोक. तिच्यात हार्मोन अजिबात नाही. 380ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते आणि मूल न झालेल्या स्त्रीलाही बसवता येते. पाळीत रक्तस्राव मात्र वाढू शकतो, म्हणून आधी हिमोग्लोबिन पाहावं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली सेंटक्रोमॅन, म्हणजे सरकारी ‘छाया’, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. तिच्यातही इस्ट्रोजेन नाही. पण पीसीओडी किंवा यकृताचा आजार असेल तर ती चालत नाही. दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन प्रोजेस्टिनचं असतं. ऑरा असलेल्या स्त्रीला ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतं. डोकेदुखी बिघडली तर पुन्हा विचार करावा लागतो. निरोध आहेच, आणि आणीबाणीची गोळी प्रसंगी घ्यायला हरकत नाही.

अर्धशिशीच्या औषधांचाही इथे संबंध येतो. वारंवार डोकं उठू नये म्हणून दिली जाणारी व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही औषधं गर्भाला अपाय करतात, त्यामुळे ती चालू असताना भरवशाचं गर्भनिरोधन लागतंच. त्यात टोपिरामेटची मात्रा जास्त असेल तर तेच औषध गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतं. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना डोकेदुखीच्या औषधांची चिठ्ठी आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना गोळीचं पाकीट सोबत न्यावं. गोळी चालू असताना पहिल्यांदाच ऑरा दिसला, तर पाकीट संपायची वाट न पाहता गोळी थांबवावी आणि डॉक्टरांना भेटावं. तोवर निरोध वापरावा. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर ती अर्धशिशी समजून घरी थांबू नये, तडक दवाखाना गाठावा.