खांद्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण म्हणजे काय?

फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीची रूममेट कधी होऊ नका. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमचा हात तुमचा राहत नाही. ‘जरा उभी राहा ना, नीअर करायचीय’, मग ‘आता हॉकिन्स’, मग ‘थांब गं, ओब्रायन राहिली’. माझी रूममेट बी.कॉम. करता करता खांद्याच्या अर्ध्या टेस्ट शिकली होती.

हाताने करायच्या या टेस्ट म्हणजे आमच्या अभ्यासक्रमातलं मोठं प्रकरण. बहुतेकींना त्या शोधणाऱ्या डॉक्टरांची नावं. व्हायवाला नाव सांगायचं, करून दाखवायची, दुखलं तर पॉझिटिव्ह, मार्क घेऊन बाहेर. पॉझिटिव्ह आलेली टेस्ट किती वेळा चुकते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. ते सुचलं इंटर्नशिपमध्ये, एका कबड्डीपटूमुळे.

लालबागच्या एका मंडळाकडून खेळणारा मुलगा. एस.वाय.ला, वय वीस, चढाईपटू. चार महिने उजवा खांदा दुखत होता. मी त्याचा हात समोरून वर उचलला, दुखलं. नीअर पॉझिटिव्ह. मग हात खांद्याच्या रेषेत समोर, कोपर वाकवून मनगट खाली फिरवलं, परत दुखलं. हॉकिन्स पॉझिटिव्ह. मी पेपरवर लिहिलं ‘इम्पिंजमेंट’, म्हणजे खांद्याच्या वरच्या हाडाखाली स्नायूची दोरी चिमटली जाते, असा समज. रबर बँडचे व्यायाम लिहून दिले. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. स्वतःवरच खूश होते मी.

मॅडम आल्या, पेपर वाचला आणि एवढंच म्हणाल्या, “टेस्ट करायच्या आधी तुझी किती खात्री होती, आणि नंतर किती झाली?”

मी गप्प.

त्या रात्री वाचायला बसले. २००८ साली एरिक हेगेडस आणि सहकाऱ्यांनी खांद्याच्या टेस्टवरचे तोवरचे अभ्यास गोळा करून तपासले. हॉकिन्स टेस्टचा त्यांचा आकडा असा: खरंच तो त्रास असलेल्या १०० जणांपैकी ७९ जणांना ती पकडते. ऐकायला छान. पण त्रास नसलेल्या १०० जणांपैकी ५९ जणांनाच ‘नाही’ म्हणते, उरलेल्या ४१ जणांना उगाचच ‘हो’. आता गणित करून बघा. समजा १०० जण आले, निम्म्यांना तो त्रास आहे, निम्म्यांना नाही. त्रास असलेल्यांपैकी साधारण ४० पॉझिटिव्ह येतील, नसलेल्यांपैकी २०. म्हणजे ६० पॉझिटिव्ह, त्यातले बरोबर ४०. छापा-काट्यावरून आपण तीनात दोनवर आलो, बस्स. आणि नीअर जोडून खात्री दुप्पट होत नाही, कारण दोन्ही टेस्ट जवळपास एकच प्रश्न विचारतात. एकाच मित्राला दोनदा विचारलं म्हणून दोन साक्षीदार होत नाहीत ना, तसं.

ओब्रायन टेस्टची गोष्ट तर भारीच. १९९८ साली ती मांडणाऱ्यांच्या पेपरात ती खांद्याच्या वाटीची फाटलेली कड १०० टक्के पकडत होती आणि उगाच ‘हो’ जवळजवळ म्हणतच नव्हती. मग इतरांनी आपापल्या पेशंटवर करून पाहिली, आणि आकडे धडाधड खाली आले. आपला तो बाब्या, असं संशोधनातही होतंच. २०१३ मध्ये कोक्रेन या संस्थेने ३३ अभ्यास चाळले आणि निष्कर्ष काढला की पहिल्या भेटीत कुठली टेस्ट निवडावी, हे सांगण्याइतका पुरावाच नाही.

असं का, ते खांदा समजला की कळतं. लिंबू-चमचा आठवतोय ना? खांदा तसाच. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा आणि त्याला उथळ वाटी. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. तो गोळा जागेवर धरायला चार स्नायूंच्या दोऱ्या, कडेचा पट्टा, पाण्याची पिशवी, बायसेप्सची दोरी, सगळं इंचभर जागेत कोंबलेलं. हात पिरगळला की सगळ्यांनाच चेपतं. भरलेल्या लोकलमध्ये दाराशी धक्का दिला तर आतला नक्की कोण ओरडला, ते बाहेरून कसं कळणार?

‘मग सरळ एमआरआय काढू’, असं आमच्या ओपीडीत दर दुसरा मुलगा म्हणतो. जिमवाले तर रिपोर्ट घेऊनच येतात, चेहरा पाडून. १९९५ च्या एका अभ्यासात खांदा अजिबात दुखत नसलेल्या ९६ जणांचा एमआरआय काढला. ३४ टक्के लोकांच्या दोऱ्या थोड्या किंवा पूर्ण फाटलेल्या निघाल्या, साठीपुढच्यांत तर निम्म्याहून जास्त. २००३ मध्ये हात डोक्यावर नेऊन खेळणाऱ्या, काहीही त्रास नसलेल्या २० खेळाडूंचे खांदे पाहिले. आठ जणांच्या खेळत्या हातात तशीच फाट दिसली. पाच वर्षांनी विचारलं, तर त्यांची काही तक्रारच नव्हती! म्हणजे रिपोर्टमध्ये ‘टेअर’ दिसलं म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं नाही. पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर गोष्ट वेगळी. तिथे उशीर करू नये.

हे नुसतं मार्कांपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण या निदानावर ऑपरेशनं झाली. हाड घासून जागा मोकळी करण्याची कल्पना चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये मांडली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधली चाचणी छापून आली. काहींचं खरं ऑपरेशन, काहींना फक्त दुर्बीण आत घालून बाहेर काढली, पेशंटना कळू दिलं नाही. दोघांच्या दुखण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

तर, आमचा कबड्डीपटू. मॅडम स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. दहा मिनिटं हात लावला नाही. कधी दुखतं, झोपेत कुठल्या कुशीवर, काय करायचं टाळतोस. तो म्हणाला, “मॅडम, दुखण्याचं तसं काही नाही हो. पकड होते ना, हात मागे खेचला जातो, तेव्हा कसंतरीच होतं.” मग हळूच निघालं, की गेल्या वर्षी एका मॅचमध्ये खांदा ‘निसटून परत बसला’ होता. मंडळात कुणाला सांगितलं नाही, टीममधून काढतील म्हणून. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारणार होते. पण मी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी त्याला झोपवलं. हात बाजूला काटकोनात, कोपर वाकवलेलं, आणि चेंडू फेकताना जातो तसा तळहात सावकाश मागे नेला. अर्ध्यातच त्याने दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं. “नको मॅडम!” दुखलं का? “नाही. पण निघेल.”

ही ॲप्रिहेन्शन टेस्ट, भीतीची टेस्ट म्हणा. २००६ च्या एका अभ्यासात हिचं कोडं छान सुटलं. दुखणं मोजलं तर टेस्ट सुमार. भीती मोजली तर खांदा खरोखर निसटणाऱ्या १०० पैकी ७२ सापडतात, आणि न निसटणाऱ्यांपैकी फक्त चौघांना उगाच ‘हो’ येतं. मघाचंच गणित लावा: ३८ पॉझिटिव्ह, त्यातले ३६ बरोबर. टेस्ट तीच, फक्त काय बघायचं ते बदललं. (यूट्यूब बघून मित्रावर करू नका प्लीज, खांदा खरंच निघू शकतो.)

घरच्यांसाठी एक सांगते. आईचा किंवा मावशीचा हात वर जात नसेल, वेणी घालता येत नसेल, तर कोपर कुशीला लावून हात बाहेरच्या बाजूला वळतो का ते बघतात. दुसऱ्याने वळवूनही वळत नसेल, तर ‘फ्रोजन शोल्डर’चा संशय येतो, डायबिटीस असेल तर जास्तच. इथे एक साधी हालचाल बरंच सांगून जाते, आणि तिला कुणाचं नावही नाही.

त्या मुलाला ऑर्थोपेडिक सरांकडे पाठवलं. त्यांनी एमआरआय सांगितला, आणि या वेळी कशासाठी काढायचा ते सगळ्यांना माहीत होतं. वाटीची पुढची कड सुटली होती. या सीझनला तो खेळत नाहीये. ऑपरेशन की आधी व्यायाम, यावर सर, तो आणि त्याचे वडील अजून बोलतायत. मंगळवारी, शुक्रवारी माझ्याकडे येतो, आणि दर वेळी ‘मॅडम, निदान सरावाला तरी?’ असं विचारतो.

त्याच्या फाईलमधला माझा पहिला पेपर मला फाडून टाकायचा होता. मॅडमनी फाडू दिला नाही. म्हणाल्या, “एक रेघ मार, वाचता आलं पाहिजे. खाली तारीख टाक आणि नवीन लिही.”