'रोड' या शब्दामागची पेठ
तुमसरच्या बाजाराची जडणघडण

भंडारा जिल्ह्यात हावडा-मुंबई मार्गावरील दोन ठळक स्थानकांच्या नावांत 'रोड' हा शब्द आहे : भंडारा रोड आणि तुमसर रोड. पहिले वरठीला आहे, दुसरे देव्हाडीला. रेल्वेच्या परिभाषेत या शब्दाचा अर्थ सरळ आहे : नावातले गाव इथे नाही, इथे उतरून रस्त्याने तिकडे जायचे. आम्हा सिहोरा भागातील लोकांचा सारा मोठा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तुमसरशी. धान विकायचे तुमसरला, लग्नाचा बस्ता बांधायचा तुमसरला. 'ही पेठ रेल्वेने वसवली,' असे जाणती माणसेही सांगतात. सनावळी मात्र वेगळे सांगते.

तुमसरला नगरपालिका मिळाली १८६७ साली. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटर गेज रेल्वे या मुलखात आली १८८० च्या सुमारास आणि १८८२ पर्यंत ती राजनांदगावला पोहोचली. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाल्यावर हाच मार्ग रुंद झाला. म्हणजे इंजिनाची शिट्टी ऐकू येण्याआधी दहा-बारा वर्षे तुमसर हे नगरपालिका चालवण्याइतके मोठे गाव होते. रेल्वे आली तीही गावाला वळसा देऊन, चार-पाच किलोमीटर दूर देव्हाडीवरून. तिथून पुढे माडगीजवळ वैनगंगा ओलांडून ती गोंदियाकडे गेली.

मग पेठ कशामुळे झाली? उत्तर धानात आणि पाण्यात आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गावोगावच्या बोड्या आणि तलावांवर इथला धान पिकतो. एका बाजूला वैनगंगा, दुसऱ्या बाजूला बावनथडी, उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्या. या पट्ट्यातले बैलगाडीचे रस्ते तुमसरला येऊन मिळतात. सत्तेचे ठाणे इथे नव्हते. ते जवळच्या आंबागडावर होते. देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजखान पठाणाने तो किल्ला बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा कैदखाना म्हणून उपयोग केला. सत्ता गेली तसा गड ओस पडला. बाजाराला मात्र दरवर्षी नवे पीक मिळत राहिले.

१९०१ च्या जनगणनेत तुमसरची लोकसंख्या आठ हजारांच्या थोडी वर होती. नगरपालिकेचे उत्पन्न मुख्यत्वे जकातीचे. गावात येणाऱ्या मालावर कर आणि त्यातून गावाचा कारभार, असा हा हिशेब होता. पेठच गावाला पोसत होती, असे म्हणता येते ते यामुळे.

रेल्वेने पेठ जन्माला घातली नसली तरी तिचा आवाका वाढवला. पायली-कुडवाने मोजला जाणारा धान दूरच्या शहरांपर्यंत जाऊ लागला. पुढे उखळ-मुसळाचे काम राइस मिलने घेतले आणि तुमसर तांदळाचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. विसाव्या शतकात चिखला, डोंगरी बुजुर्ग या भागांतून मॅंगनीज निघू लागले. त्यासाठी देव्हाडीहून तिरोडीपर्यंत फाटा टाकला गेला आणि त्या फाट्यावर 'तुमसर टाऊन' हे गावाचे हक्काचे स्थानक झाले. धानाच्या पेठेला गावातले स्थानक मिळाले ते असे, खनिजाच्या वाटेवर.

पेठ म्हणजे केवळ दुकाने नव्हेत. गाव जमते ती जागा. ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसरला गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. एरवी बाजाराला येणाऱ्या खेड्यांनी त्या वेळी याच गावात सरकारला आव्हान दिले.

सीमेचाही परिणाम झाला. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बावनथडीच्या दोन्ही काठांवर एकच प्रांत होता. त्यानंतर बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, भंडारा मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आले. सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाणारी बाजाराची वाट आंतरराज्य रस्ता झाली. सोयरिकी मात्र अजून नदी ओलांडतात.

आज धोका आहे तो विसरण्याचा. आंबागडाला इतिहासात जागा मिळाली, कारण तो किल्ला आहे. पुढे दुकान, मागे कोठार, वर राहते घर अशा कौलारू इमारतींना ती मिळत नाही. रस्ता रुंद होतो, वाटण्या होतात, एक भिंत पडते आणि तिच्यासोबत शंभर वर्षांचा व्यवहार पुसला जातो. पाडू नका, असे दुकानदाराला सांगणे सोपे आहे. पण त्याला जगायचे आहे. निदान पाडण्याआधी छायाचित्र घ्यावे, दारावरचा सन टिपून ठेवावा, माळ्यावरच्या जमाखर्चाच्या वह्या रद्दीत न घालता शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना द्याव्यात. लक्ष्मीपूजनाला वह्या पूजणाऱ्या पेठेला हे अवघड जाऊ नये. एका हंगामात कोणत्या गावचा किती धान आला आणि काय भावाने गेला, हे त्या वह्यांत लिहिलेले असते. गावाचा इतका सविस्तर इतिहास दुसरे कोणी लिहून ठेवलेला नाही.